सिनेमाची क्लिप बघून इंग्लिश शब्द कळतो, पण वेळेवर तोंडात येत नाही. काय करावं?

केळफूल_फैजपूर:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच. मी फैजपूरजवळची. घरची केळी आहे आणि तीन वर्षांपासून दिरांनी छोटं पॅकहाऊस टाकलंय, म्हणजे मळ्यातून घड येतात, फण्या काढतात, टाकीत धुतात, चीक गेला की पुसून तेरा किलोच्या बॉक्समध्ये भरतात आणि गाडी मुंबईला जाते. कागदपत्रं आणि फोन माझ्याकडे. बाहेरच्या खरेदीदाराचा माणूस आठवड्यातून दोनतीनदा फोन करतो आणि सगळं बोलणं इंग्लिशमध्ये.

मी मराठी मीडियमची. पहिलीपासून इंग्लिश २००० साली आलं तेव्हा मी चौथीत होते, म्हणजे आमची एबीसीडी पाचवीत सुरू झाली. वाचता येतं, ईमेल लिहिते, त्यात कधी अडलं नाही. पण फोनवर समोरचा बोलायला लागला की पहिली दोन वाक्यं कळतात आणि तिसऱ्याला मी मागेच राहते, तोवर तो पाचव्यावर गेलेला असतो.

मागच्या वर्षी जवळच्या शहरात एक स्पोकन इंग्लिशचा क्लास लावला होता. त्यांनी हजार शब्दांची यादी दिली, डावीकडे इंग्लिश उजवीकडे मराठी, रोज पंचवीस पाठ करा म्हणाले. केले पाठ, पहाटे चार वाजता उठून केले. अबॅन्डन म्हणजे सोडून देणे आणि लगेच त्याच्याखाली अबन्डन्स म्हणजे विपुलता. आज दोन्ही शब्द समोर आले की कुठला कुठला ते मला सांगता येत नाही, कारण ते माझ्या डोक्यात यादीतले शेजारी म्हणूनच बसलेत. फी गेली त्याचं तेवढं वाटत नाही, त्या पहाटांचं वाटतं.

मग पुतणी म्हणाली काकू, सिनेमाच्या छोट्या क्लिपा बघ. चार महिने झाले, रोज रात्री भांडी आवरली की बघते. आणि फरक पडलाय, तो कसा ते सांगते. एका क्लिपमध्ये बाई छत्री घेऊन दारात उभी आहे, नवरा गाडीत बसून हॉर्न देतोय, ती त्याला हात करून म्हणते हँग ऑन, आणि परत आत पळते. हँग म्हणजे टांगणे, फाशी देणे एवढंच मला माहीत होतं. त्या हाताच्या खुणेवरून लगेच कळलं की हे आपलं थांब रे जरा. दोन दिवसांनी फोनवरचा माणूस बोलता बोलता हँग ऑन म्हणाला आणि मी गप्प बसून राहिले, बरोबर बसले. पूर्वी मी हॅलो हॅलो करत सुटले असते.

पण खरी अडचण पुढे आहे. त्याच फोनवर मला त्याला थांबवायचं होतं, बॉक्सचा आकडा वहीत बघायचा होता, तर माझ्या तोंडून निघालं प्लीज वेट. हँग ऑन आलंच नाही. ऐकला की ओळखू येतो, बोलायच्या वेळी मात्र कुठे जातो कळत नाही. असे दीडदोनशे शब्द झालेत माझ्याकडे. तुमच्यापैकी कोणी या पद्धतीने शिकलं असेल तर नेमकं काय केलं ते सांगा, मोटिव्हेशन नको, रोजचं काय करायचं ते हवं.

ड्युटीवर_भुसावळ:

ताई, तुमचं वाचून अगदी माझंच वाटलं. मी रेल्वेत आहे, रात्रपाळीला मध्ये अर्धा तास मिळतो त्यात मी रील बघायचो, ते असतात ना, तीस सेकंदांत एक शब्द, सिनेमाचा तुकडा, वर पिवळ्या अक्षरात अर्थ. एका वर्षात हजारो बघितले असतील. एकदा घरी बसून आठवून लिहायचे ठरवले तर पस्तीस शब्दांवर पेन थांबला. माझ्या मते त्याचं कारण असं की एक संपायच्या आत अंगठा दुसऱ्यावर जातो, शब्द डोक्यात टेकतच नाही. आता मी रील बंद केलेत आणि एकच सिनेमा घेतलाय, दोन महिने झाले त्यातच आहे. त्यातली माणसं ओळखीची झालीत, कोण कसं बोलणार त्याचा अंदाज येतो आणि शब्द पुन्हा पुन्हा त्याच माणसांच्या तोंडून येतात. एवढंच सांगू शकतो, तोंडात येण्याचं मलाही कोणीतरी सांगा.

पांझराकाठ:

मी धुळ्याचा, सध्या पुण्यात आयटीत. पहिल्या कंपनीत मीटिंगमध्ये सहा महिने गप्प बसून काढलेत म्हणून सविस्तर लिहितो, लांब होईल.

आपण इंग्लिश डोळ्यांनी शिकलो. शब्द कागदावर कसा दिसतो ते पक्कं माहीत, कानाला कसा लागतो ते माहीत नाही. माझी पद्धत अशी होती. चाळीस सेकंदांची क्लिप, खालच्या ओळी म्हणजे सबटायटल बंद. एक वाक्य ऐकायचं आणि थांबवून वहीत देवनागरीत लिहायचं, जसं कानावर पडलं तसं, अर्थ लागो ना लागो. तीनदा ऐकून तीनदा लिहायचं. मग ओळी चालू करून खरं वाक्य शेजारी लिहायचं. माझ्या वहीचं पहिलं पान अजून आहे. डावीकडे लिहिलंय व्हडयावॉना डू, उजवीकडे व्हॉट डू यू वॉन्ट टू डू. डावीकडे लेमी सी, उजवीकडे लेट मी सी. डावीकडे शुडव टोल्मी, उजवीकडे शुड हॅव टोल्ड मी. त्या पानावर मला एकही नवीन शब्द नव्हता! सगळे पाचवी-सहावीचे. मी अडत होतो ते शब्द येत नव्हते म्हणून नव्हे, ते एकमेकांत मिसळून कसे येतात हे ठाऊक नव्हतं म्हणून.

आणि हे काही इंग्रजांचंच वेगळं नाही. पुस्तकात असतं काय करत आहेस, बोलताना आपण म्हणतो काय करतोयस, आणि आमच्या घरी अहिराणीत काय करी ऱ्हायना. राहण्याचं ऱ्हायना होतं तसंच गोइंग टूचं गॉना होतं. एखादा परदेशी माणूस पुस्तकातली मराठी शिकून धुळ्याच्या पाचकंदिलला उभा राहिला तर त्याची जी गत होईल तीच आपली तिकडे होते. हे समजल्यावर माझी भीती निम्मी गेली.

देवनागरीचा फायदा असा की आपण जे ऐकतो ते जवळजवळ तसंच लिहू शकतो. कम्फर्टेबल नाही, कम्फ्टबल. व्हेजिटेबल नाही, व्हेज्टबल. फोटोग्राफ म्हणताना जोर फो वर, पण फटॉग्रफी म्हणताना जोर टॉ वर जातो आणि पहिला फो बारीक होतो. अमेरिकन सिनेमा असेल तर वॉटरचं वॉडर ऐकू येईल, तेही तसंच लिहा.

आता ताई, तोंडात येण्याबद्दल. वाक्य वहीत उतरलं की त्या माणसाच्या मागोमाग, त्याच्याच वेगात आणि त्याच्याच सुरात, मोठ्याने म्हणायचं. मनात म्हटलेलं चालत नाही, जीभ हलली पाहिजे. एक वाक्य दहादा. आणि मग त्यातलं एक अंग बदलून आपलं वाक्य करायचं. हँग ऑन, लेमी गेट माय अंब्रेला असं ती बाई म्हणाली असेल तर तुम्ही म्हणा हँग ऑन, लेमी चेक द नंबर. छत्री काढून बॉक्सचा आकडा घातला, बाकी वाक्य तिचंच ठेवलं. शब्द एकटा कधीच लिहू नका, पूर्ण वाक्यच लिहा, नाहीतर पुन्हा ती यादीच होईल.

केळफूल_फैजपूर:

दादा, हे फार कामाचं आहे, आजच वही करते. एक विचारते, उजळणी कशी ठेवायची? दीडशे वाक्यं रोज म्हणणं होणार नाही.

पांझराकाठ:

रोज नकोच. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर उडतं आणि मग उडायचा वेग कमी होतो. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांब लांब. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर याने त्याची साधी खोक्यांची पद्धत काढली. मिठाईचे चार रिकामे डबे घ्या. जाड कागदाच्या चिठ्ठ्या, पुढे मराठीत प्रसंग, मागे इंग्लिश वाक्य. नवी चिठ्ठी पहिल्या डब्यात, तो डबा रोज. जमली की दुसऱ्यात, तो तीन दिवसांनी. मग तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने. चुकली की परत पहिल्या डब्यात. मोबाइलवर अंकी नावाचं अ‍ॅप हेच करतं, पण मला हाताने लिहिलेलं जास्त राहतं. चिठ्ठीच्या पुढच्या बाजूला शब्दाचा अर्थ लिहायचा नाही, प्रसंग लिहायचा: फोनवर आहे, आकडा बघायचाय, समोरच्याला थांबवायचंय. म्हणजे मेंदू मराठी शब्दावरून इंग्लिश शब्दावर उडी मारत नाही, प्रसंगावरून वाक्यावर जातो. तुमची अडचण तिथेच आहे.

निवृत्त_शिक्षक_अमळनेर:

मी बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. सगळ्यांचे वाचले, कष्ट दिसतात, त्याबद्दल कौतुक आहे. तरी एक काळजी बोलून दाखवतो. सिनेमात शिव्या असतात, गुंडांची भाषा असते, आणि मुलांना चांगले काय वाईट काय ते कळत नाही. माझ्या नातवाने अर्जात वॉन्ट टूच्या जागी वॉना लिहिले होते. बोलण्यातली भाषा आणि लिहिण्यातली भाषा यांतला फरक आधी शिकवला पाहिजे, नाहीतर दोन्ही बिघडतात. शिवाय शब्दसंपत्ती वाचनाने वाढते हा माझा अनुभव आहे. सिनेमातले शब्द थोडे आणि तेच ते.

पांझराकाठ:

आप्पा, नमस्कार. अर्जाचं तुमचं अगदी बरोबर आहे, वॉना-गॉना कानासाठी शिकायचं, कागदासाठी नाही, हे मी आधीच लिहायला हवं होतं.

पण थोडे शब्द आणि तेच ते, हीच तर सिनेमाची सोय आहे. वेब आणि रॉजर्स या दोन संशोधकांनी २००९ साली ३१८ सिनेमांची संवादपटकथा मोजून पाहिली. त्यांचा हिशेब असा निघाला की सगळ्यात जास्त वापरातले ३००० शब्द-परिवार आणि त्याशिवाय माणसांची-गावांची नावं येत असतील तर सिनेमातलं साधारण ९५ टक्के बोलणं त्यात बसतं, आणि ९८ टक्क्यांसाठी ६००० लागतात. शब्द-परिवार म्हणजे हेल्प, हेल्पर, हेल्पफुल, हेल्पलेस हे सगळं मिळून एक. ९५ टक्के म्हणजे वीस शब्दांत एक अनोळखी. मी मनाशी धरलेला नियम त्यावरूनच आहे, ज्या क्लिपमध्ये दर वाक्याला दोनतीन शब्द अडतात ती सोडून द्यायची, ती आपल्यासाठी अजून नाही. वाचनाला मी नाही म्हणत नाही आप्पा, वाचनात शब्द भेटतो आणि क्लिपमध्ये त्याचा आवाज भेटतो.

साक्रीची_शाळा:

मी साक्री तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, पश्चिम पट्ट्यात. वर्गात काहींच्या घरी अहिराणी, काही भिल्ल आणि कोकणा घरांतली मुलं, म्हणजे मराठीच त्यांची दुसरी भाषा, इंग्लिश तिसरी. नेटवर्क टेकडीवर जाऊन येतं. मी आठवड्याला एक क्लिप घरून मोबाइलमध्ये घेऊन जाते आणि शाळेच्या टीव्हीला लावते. आप्पांची काळजी मलाही होती म्हणून मी संवाद बाजूला ठेवून क्रियापदांनी सुरुवात केली, त्याचं सांगते.

चालण्याचे शब्द घेतले. एक माणूस रमतगमत चाललाय, स्ट्रोल. एक म्हातारा लंगडतोय, लिम्प. एक जण घरात झोपलेल्यांना जाग येऊ नये म्हणून चवड्यांवर चाललाय, टिपटो. एकाला डोक्याला मार लागलाय, तो झोकांड्या खातोय, स्टॅगर. पुस्तकात हे चारही मी शिकवले असते तर फळ्यावर चार ओळी झाल्या असत्या, चालण्याचा एक प्रकार, चालण्याचा एक प्रकार, असं चारदा. इथे आवाज बंद करून तुकडा दाखवला आणि पोरांना म्हटलं तुमच्या घरी याला काय म्हणता ते ओरडा. तीन भाषांत उत्तरं आली. मग इंग्लिश शब्द सांगितला आणि सगळ्यांना मैदानात नेलं. मी शब्द म्हणायचा, त्यांनी तसं चालायचं.

एक मुलगी आहे चौथीतली, वर्गात कधीच बोलत नाही, उत्तर येत असलं तरी मान खाली. ती टिपटो इतकं सुंदर चालली, दोन्ही हात थोडे बाजूला, ओठ घट्ट मिटलेले, की बाकीची पोरं आपोआप गप्प झाली. मी विचारलं काय करतेयस, तर हळूच म्हणाली टिपटो. तिचा वर्गातला पहिला शब्द इंग्लिश होता. दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत कोंबडीच्या मागे चवड्यांवर जात होती आणि तोंडाने टिपटो टिपटो चाललं होतं.

बघण्याचेही असेच केले. ग्लान्स म्हणजे ओझरती नजर, स्टेअर म्हणजे रोखून, पीक म्हणजे फटीतून, स्क्विन्ट म्हणजे उन्हात डोळे बारीक करून. शब्दकोशात सगळ्यांपुढे बघणे लिहिलेलं असतं. चेहऱ्यावर बघितलं की चारही वेगळे दिसतात आणि आपल्याकडे त्या चारहींना वेगळं काही ना काही म्हणायला आहेच.

खालच्या ओळींचं म्हणाल तर मी त्या इंग्लिशच ठेवते, हिंदी-मराठी नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या ब्रिज कोठारींनी १९९६ मध्ये कल्पना मांडली होती की गाण्याखाली त्याच भाषेत ओळी दिल्या तर कच्चं वाचणाऱ्यांचं वाचन सुधारतं, आणि पुढे दूरदर्शनवर चित्रहारमध्ये तशा ओळी येऊ लागल्या. कानाला आणि डोळ्याला एकच भाषा मिळाली की दोन्हींची गाठ बसते. हिंदी ओळी असल्या की माझी पोरं हिंदी वाचतात आणि कान बंद करतात, हे मी समोर बघितलंय.

गिरणा_थडी:

वा ताई. तुमच्या क्रियापदांवरून एक सांगतो, फार लोकांना माहीत नसतं. सबटायटल निवडताना दोन प्रकार दिसतात, एक साधे इंग्लिश आणि एक ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठीचे. दुसरे लावा. त्यात संवादाशिवाय आवाजही चौकटी कंसात लिहिलेले असतात, दार वाजलं, कोणी उसासा टाकला, पाऊस लागला. माझी बहीण जन्मापासून ऐकू शकत नाही, तिच्यासाठी म्हणून आम्ही घरी हे लावायला लागलो आणि माझाच खजिना झाला.

साय म्हणजे उसासा टाकणे. सॉब म्हणजे हुंदके देणे. चकल म्हणजे गालातल्या गालात हसणे, गिगल म्हणजे खिदळणे. पँट म्हणजे धापा टाकणे, तोवर मला पँट म्हणजे घालायचीच माहीत होती. क्रीक म्हणजे दार करकरणे, रम्बल म्हणजे ढगांचं गडगडणे, रसल म्हणजे वाळक्या पाल्याची सळसळ. आपल्या भाषेत आवाजाचे शब्द किती आहेत, सळसळ, खळखळ, कुरकुर, धडधड, आणि इंग्लिशमध्येही तसेच ढीगभर आहेत हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. बहीण आता मला विचारते, रसलचा आवाज कसा असतो. मी तिचा हात धरून ज्वारीच्या वाळल्या पानांवरून फिरवला. असं, म्हटलं.

याचं उलटंही असतं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी काही सिनेमांना ऑडिओ डिस्क्रिप्शन असतं, म्हणजे संवादाच्या मधल्या जागेत एक आवाज सांगत जातो की ती खिडकीशी जाते, पडदा सारते, खांदे उडवते. बघता बघता क्रियापदं कानावर पडतात. भाषेच्या मेनूत शोधा.

ड्युटीवर_भुसावळ:

हे नवीनच कळलं. आजच लावतो.

मला एक लिहायचंय, जे शब्द आपल्याला येतात असं वाटतं तेच जास्त फसवतात. क्लिपमध्ये पोरगी म्हणते ही पास्ड आऊट, आणि सगळे घाबरून धावतात. मला कळेना पोरगा पास झाला तर एवढं काय. आपण पास आऊट म्हणजे कॉलेज संपलं म्हणतो, तिकडे त्याचा अर्थ शुद्ध हरपली. आपलं हॉटेल जेवायचं, त्यांचं राहायचं. अमेरिकन माणसाचा फर्स्ट फ्लोर म्हणजे आपला तळमजला. गाडीच्या जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो, तो शब्द त्यांच्या सिनेमात मला कधी सापडला नाही, शोधलं तर कळलं की १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लानेल्ली गावच्या एका कंपनीच्या जादा चाकाचं ते नाव होतं, आपल्याकडे टिकलं आणि तिकडे स्पेअर झालं. आणि आपल्या जळगावच्या भरताचं वांगं, ज्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला मी ब्रिंजल म्हटलं तर अमेरिकेतला चुलतभाऊ म्हणाला इथे कोणाला कळणार नाही, एगप्लान्ट म्हण. इंग्लंडात परत ओबर्जीन. माझ्या वहीत आता अशा शब्दांचं वेगळं पान आहे.

पाचोरा_सायकलवाला:

तांत्रिक मदत लागली तर सांगतो, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कॉम्प्युटरवर सिनेमा बघायच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये व्ह्यू मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड कंट्रोल्स चालू करा, खाली ए-बी चं बटण येतं, एकदा दाबलं की सुरुवात, दुसऱ्यांदा दाबलं की शेवट, तेवढंच वाक्य फिरत राहतं. यूट्यूबवर मोबाइलमध्ये डावीकडे दोनदा टॅप केलं की दहा सेकंद मागे जातं, वेग ०.७५ ठेवा, त्याखाली नेलात तर आवाज ओढला जातो आणि चुकीचंच कानात बसतं. आपोआप तयार होणाऱ्या ओळींवर भरवसा ठेवू नका, त्या चुकतात, माणसाने लिहिलेल्या ओळी असतील तीच क्लिप घ्या. आणि इथे सिनेमाच्या फाइली टाकू नका कोणी, स्टुडिओंच्या स्वतःच्या चॅनेलवर भरपूर क्लिपा आहेत, त्यांचीच लिंक द्या.

केळफूल_फैजपूर:

सतरा दिवसांनी लिहितेय. कांदेबाग म्हणजे केळीचाच एक हंगाम, त्याच्या मालाची गडबड होती. पण वही रोज केली, एकही दिवस पाडला नाही. मिठाईचे डबे नव्हते, बॉक्सच्या पुठ्ठ्याचे चार कप्पे केलेत पॅकहाऊसच्या टेबलावर, चिठ्ठ्याही पुठ्ठ्याच्याच. मुली फण्या पुसताना एखादी उचलतात आणि मला प्रसंग वाचून दाखवतात, मी वाक्य म्हणते. त्यांतल्या दोघी आता माझ्याआधी म्हणतात.

सांगायचं ते हे. परवा दुपारी फोन आला. तो कंटेनरच्या तापमानाचं विचारत होता, आमचं साडेतेरा डिग्रीला ठेवायचं ठरलेलं असतं, केळी त्याच्या फार खाली गेली की साल काळवंडते. त्याने विचारलं लोडिंगच्या वेळी किती होतं. चिठ्ठी ट्रकवाल्याकडून आलेली, दुसऱ्या टेबलावर. आणि माझ्या तोंडून निघालं, हँग ऑन, लेमी चेक. विचार केला नव्हता हो. निघून गेल्यावर मला कळलं की मी म्हटलं. तो शुअर म्हणाला आणि थांबला. मी चिठ्ठी आणली, आकडा सांगितला, वर म्हटलं सॉरी टू कीप यू वेटिंग, ते दुसऱ्या क्लिपमधलं, दवाखान्यातल्या नर्सचं. फोन ठेवला तेव्हा हाताला घाम होता पण दीर समोर उभे होते ते म्हणाले, वहिनी, आज पहिल्यांदा तुम्ही कागद न बघता बोलल्या.

अजून पूर्ण फोन कळत नाही. त्याने मध्येच काहीतरी म्हटलं ते टच बेस असं ऐकू आलं, वहीत तसंच लिहिलंय, संध्याकाळी शोधलं तर निघालं पुन्हा संपर्क करू. हे पूर्वी झालंच नसतं, पूर्वी न कळलेलं वाक्य मला परत म्हणूनही दाखवता येत नव्हतं. आता निदान कानाने पकडलेलं लिहून ठेवता येतं.

एक चूक सांगते म्हणजे दुसऱ्यांची होणार नाही. पहिल्या आठवड्यात उत्साहात नऊ क्लिपा घेतल्या आणि सगळ्यांची खिचडी झाली. मग दोनवर आले. एक क्लिप चार दिवस, रोज वीस मिनिटं, एवढंच झेपतं आणि तेवढंच राहतं.

निवृत्त_शिक्षक_अमळनेर:

ताई, वाचून डोळे भरले. मी माझ्या म्हणण्यात दुरुस्ती करतो. साक्रीच्या बाईंनी लिहिल्यानंतर मी नातवाबरोबर बसून तीन क्लिपा पाहिल्या. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली, बोलणाऱ्याचे ओठ दिसतात. आपण व आणि व्ह यांत फरक करत नाही. वेस्ट म्हणजे पश्चिम म्हणताना त्याचे ओठ गोल होतात, व्हेस्ट म्हणजे गंजी म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. बत्तीस वर्षे मी हे फळ्यावर सांगितले. नातवाने आवाज बंद करून एकदा पाहिले आणि लगेच म्हणून दाखवले.

तुम्ही सगळे घरचा मराठी शब्द शोधून मग इंग्रजी शब्द जोडता आहात, त्यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उपयोगी पडेल. १८५७ ची दुसरी आवृत्ती इंटरनेटवर पाहायला मिळते. इंग्रजी जुने आहे, तेव्हा सापडलेला शब्द आजच्या शब्दकोशात तपासून मगच वापरा. पण झोकांडी, खिदळणे, करकर असे शब्द त्यात मनापासून दिलेले आहेत. आणि मुलांना सांगा की मुंगसाला इंग्रजीत मॉन्गूस म्हणतात, तो शब्द त्यांनी मराठीतूनच नेला आहे.

साक्रीची_शाळा:

आप्पा, मुंगसाचं उद्याच सांगते, आमच्या शाळेमागे रोज दिसतं. ताई, तुमच्या पॅकहाऊसमधल्या मुलींसाठी एक सुचवू का, त्यांच्याच कामाची क्रियापदं घ्या, पुसणे, उचलणे, रचणे, बांधणे. वाइप, लिफ्ट, स्टॅक, टाय. स्वयंपाकघरातल्या आणि गोदामातल्या प्रसंगांत हे सगळे मिळतात.

केळफूल_फैजपूर:

घेते ना. त्यांना परवा एक सांगितलं ते फार आवडलं, इंग्लिशमध्ये घड म्हणजे बंच, फणीला हॅन्ड म्हणतात आणि एकेका केळ्याला फिंगर. हात आणि बोटं. आमची एक मुलगी लगेच फणी हातात धरून शेजारी स्वतःचा पंजा लावून बघत होती. हे सिनेमात मिळालं नाही, खरेदीदाराच्या कागदात होतं, पण चिठ्ठी त्याच कप्प्यात गेली.

पांझराकाठ दादा, टच बेसची चिठ्ठी दुसऱ्या कप्प्यात आहे, सोमवारी जमली तर तिसऱ्यात. रविवारी इथे एक क्लिप देते, लिंक स्टुडिओच्या चॅनेलचीच असेल, एक मिनिट दहा सेकंदांची, दुकानात वस्तू परत करायला आलेल्या बाईची. मला मालाच्या तक्रारीचं बोलणं शिकायचंय म्हणून ती निवडली. आधी दोनदा ओळी बंद करून ऐका आणि डावीकडचं लिहून इथे टाका, कोणाला काय ऐकू आलं ते बघू. उजवीकडचं मी बुधवारी टाकीन.